डावीकडच्या पोरी

बसस्थानकाच्या वरच्या मजल्यावर काचेची एक छोटी खोली होती. तिथून दिवसभर गाड्यांच्या घोषणा व्हायच्या, आणि सकाळच्या पाळीत त्या करणारी बाई म्हणजे धाकटी. गावातल्या जवळजवळ प्रत्येकाने तिचा आवाज ऐकला होता. तिचं तोंड मात्र फारच थोड्यांनी पाहिलं होतं. दुकानात तिने नुसतं साबण आहे का विचारलं, तरी शेजारचं गिऱ्हाईक दचकून घड्याळाकडे बघायचं, आपली गाडी सुटली की काय म्हणून.

आईवडिलांनी ठेवलेलं नाव तिला होतंच, पण ते कागदोपत्री. माणसांत ती धाकटी आणि तिची बहीण थोरली. पन्नाशी जवळ आली, केस पिकले, स्वतःची लेक शिकायला परगावी गेली, तरी धाकटी ती धाकटीच राहिली.

दोघी बहिणी लहानपणापासून गायच्या. थोरली पुढे उभी राहायची आणि मुख्य चाल गायची. धाकटी तिच्या खांद्यामागे उभी राहून वरचा नाहीतर खालचा सूर लावायची. हे कुणी ठरवलं नव्हतं, तसंच होत गेलं. पुढे थोरली शाळेत गाणं शिकवायला लागली. धाकटीने लग्नानंतर बरीच वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांत कोरस गायला, स्टुडिओत मागच्या माइकपाशी चार बायकांच्या घोळक्यात उभी राहून. गाणं कुणाचंही असो, मागच्या त्या आ-आ आणि ऊ-ऊमध्ये ती असायची. तिथेच तिला त्या यंत्रांची गोडी लागली. गाऊन झालं की बाकीच्या बायका पर्स उचलून निघायच्या, आणि ही काचेपलीकडे जाऊन बसायची, तो माणूस आवाज कुठे कसा ठेवतो ते बघत.

थोरली शाळेतून निवृत्त झाली आणि तिने स्वतःची चार गाणी बांधली. शब्द तिचे, चाली तिच्या. ती धाकटीला म्हणाली की दुसऱ्या कुणाच्या हाती ही देणार नाही. मागचे सगळे आवाज तू गा आणि सगळं जुळवूनही तूच दे. धाकटीला मनातून एवढा आनंद झाला की तिने लगेच हो म्हटलं नाही. बघते म्हणाली. आणि दुसऱ्याच दिवशी मागची खोली झाडायला घेतली.

खोली कसली, अडगळच होती. नवऱ्याने तिथे एका भिंतीला जुन्या गाद्या टांगून दिल्या. कपड्यांचं कपाट उघडं टाकून त्याच्या दारात माइक उभा केला, म्हणजे आवाज कोटांत आणि रजयांत मुरून जाईल, भिंतीवर आपटून परत येणार नाही. भरतकामाच्या लाकडी कड्यावर पायमोजा ताणून तिने माइकपुढची जाळी बनवली. नवरा फ्रिज दुरुस्त करणारा, त्याला घरातल्या घरघरीचा कान होता. रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधी तोच पंखा बंद करायचा, फ्रिजचं बटण बंद करायचा आणि म्हणायचा, की ज्याच्या जिवावर आपण जेवतो त्याचंच तोंड दाबायची वेळ आली बघ.

धाकटीची पद्धत ठरलेली होती. थोरलीचा आवाज मधोमध. मग मागचा एकेक सूर ती दोनदा गायची, अगदी तसाच, तरी केसाएवढा वेगळा. त्यातली एक फेरी डाव्या कानाकडे सरकवायची आणि दुसरी उजव्या. वरच्या सुराची जोडी पार कडेला, खालच्या सुराची जोडी थोडी आत. मधे थोरलीला ऐसपैस जागा राहायची. या सगळ्या आवाजांना ती पोरी म्हणायची. डावीकडच्या पोरी, उजवीकडच्या पोरी. पोरींनी शब्दाच्या शेवटचा स आणि त गिळून टाकायचा असा तिचा दंडक होता, नाहीतर एक गाणारी थांबते आणि दुसरी सूं करत राहते, टायरमधून हवा सुटल्यासारखी. श्वासही एकीनेच घ्यायचा, बाकीच्यांचे कापून टाकायचे. दोन गाणी अशी पुरी झाली. तिसरं होतं झोपेचं. जागरणाने थकलेली बाई स्वतःलाच झोपवू बघते, असं काहीतरी. थोरलीने ते इतकं हळू गायलं होतं की मागच्या पोरींवर सगळा भार होता.

त्या दिवशी सकाळी उठली तेव्हा धाकटीचा डावा कान दडपल्यासारखा वाटत होता. अंघोळीचं पाणी गेलं असेल म्हणून तिने डोकं वाकडं करून दोन उड्या मारल्या. कामावर गेली, घोषणा केल्या, परत आली. कानात बारीक शिट्टी वाजत होती, लांबवर कुणी किटली चुलीवर विसरल्यासारखी. तिने तिकडे कानाडोळा केला.

दुपारी ती माइकपुढे उभी राहिली. गाताना तिची सवय अशी की हेडफोनची उजवी वाटी कानावर ठेवायची आणि डावी मागे सरकवायची, म्हणजे स्वतःचा आवाज उघड्या कानाने ऐकू येतो. स्वतःचा आवाज तसाही डोक्यातून घुमत पोचतो, त्यामुळे गाताना तिला काही कळलंच नाही. गळा चांगला लागला होता. वरचा सूर तिने दोनदा गायला, एक फेरी डावीकडे ठेवली, एक उजवीकडे, खुर्चीत बसली, हेडफोन दोन्ही कानांवर नीट घातला आणि गाणं सुरू केलं.

पोरी फक्त उजवीकडेच गात होत्या.

तिने पडद्यावर बघितलं. डाव्या पट्टीवरची हिरवी रेघ वरखाली होत होती. म्हणजे आवाज जात होता. वायर सैल झाली असेल म्हणून तिने ती काढून परत खोचली. काहीच फरक पडला नाही. मग तिने हेडफोन काढला आणि उलटा घातला, डावी वाटी उजव्या कानावर आणि उजवी डाव्या. उजव्या कानात आता डावीकडच्या पोरी आल्या, स्पष्ट, गोड, एकही स न सांडता. आणि आत्तापर्यंत ऐकू येत होत्या त्या उजवीकडच्या पोरी नाहीशा झाल्या.

हेडफोन ठणठणीत होता.

तिने डाव्या कानापाशी चुटकी वाजवली. बोटांना बोटं लागल्याचं कळलं, आवाज आला नाही. आला तो उजव्या कानाने, लांबून. ती उठायला गेली तर खोली जराशी कलंडली, तिने टेबल धरलं. दारात नवरा उभा होता, फ्रिज सुरू करू का विचारत. त्याचं बोलणं कुठल्या बाजूने आलं ते तिला सांगता आलं नसतं. तिने मान हलवली आणि कान दडपलाय एवढंच म्हणाली. तो म्हणाला पंख्याखाली झोपतेस, सर्दी असेल, वाफ घे.

तिने वाफ घेतली. टॉवेलखाली डोकं घालून बसली आणि घाबरून रडली. वाफेत ते खपून गेलं.

तिच्या भीतीला एक चेहरा होता, तो तिच्या वडिलांचा. वडील पत्र्याच्या कारखान्यात होते. हातोड्यांनी त्यांचे कान हळूहळू खाल्ले. घरी जेवायला बसल्यावर सगळे बोलायचे, हसायचे, आणि वडील तोंडावर एक तयार हसू घेऊन बसायचे. कुठल्याही वाक्याला चालेल असं हसू. विनोद झाला की सगळ्यांकडे बघून ते थोडं रुंद करायचे, जरा उशिरा. पुढे पुढे घरातलं कुणी त्यांना काही सांगायच्या भानगडीत पडेना, कारण प्रत्येक गोष्ट ओरडून सांगावी लागे आणि ओरडून सांगितलेली गोष्ट भांडणासारखी वाटे. मरेपर्यंत त्यांनी कुणाची तक्रार केली नाही. ते हसू तेवढं राहिलं. वाफेच्या टॉवेलखाली धाकटीने स्वतःच्या ओठांना हात लावून बघितलं.

शहाण्या माणसाने तेव्हाच डॉक्टर गाठला असता. पण भ्यालेलं माणूस शहाणपणाने वागत नाही. डॉक्टरने कान गेला म्हटलं तर तो गेलाच, आणि जोवर कुणी म्हणत नाही तोवर सर्दी आहे, असा तिने स्वतःशी हिशेब मांडला. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. घोषणा करायला कान लागत नाही म्हणा, पण खालच्या नियंत्रकाचा फोन यायचा तो डाव्या हाताला होता. एकदा तो वाजत राहिला आणि ती समोरची यादी वाचत बसली. नियंत्रक स्वतः जिना चढून वर आला. ती म्हणाली माइक चालू होता. तो खाली गेला, आणि पुढचा सगळा वेळ ती फोनकडे बघत घोषणा करत राहिली.

दुपारी ती मिक्स करायला बसली. न बसली असती तर चाललं असतं, पण थोरली दुसऱ्या दिवशी गाणं ऐकायला येणार होती आणि नाही म्हणायला कारण सुचत नव्हतं. तिने डावीकडच्या पोरी डोळ्यांनी लावल्या. पट्टीवरची रेघ बघायची आणि अंदाजाने सरकवायचं. पण वीस वर्षं कानाने काम केलेली बाई, तिला कानात काहीच आलं नाही की चैन पडेना. ती डावी बाजू थोडी वाढवायची. मग आणखी थोडी. कधीतरी एकदा काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटायचं, तिचा जीव वर यायचा, आणि लक्षात यायचं की ते उजव्या कानानेच ऐकलं.

थोरली आली ती नेहमीसारखी चप्पल काढता काढताच बोलत. स्वयंपाकघरात पाणी प्यायली, मागे आली, हेडफोन घातला, डोळे मिटले. धाकटी तिच्या उजवीकडे उभी राहिली नाही, मुद्दाम डावीकडे राहिली, म्हणजे आपला चांगला कान बहिणीकडे राहील. गाणं सुरू झालं. पहिल्या कडव्यातच थोरलीच्या कपाळाला आठी पडली. तिने हेडफोन काढला.

"अगं, या डावीकडच्या पोरी किंचाळतायत. मला झोपेचं गाणं हवंय, आणि ही कानात आग लागल्यासारखी ओरड."

धाकटी म्हणाली की तसंच बरं वाटतं. थोरलीने तिच्याकडे बघितलं. यंत्रातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण धाकटी बेतालपणाला बरं म्हणेल हे तिला पटण्यासारखं नव्हतं. ती उठली, पाणी आणते म्हणाली आणि धाकटीच्या मागून गेली. दाराशी थांबून धाकटीच्या डाव्या खांद्यामागून ती काहीतरी बोलली. धाकटी पडद्याकडेच बघत राहिली.

मग थोरली समोर येऊन उभी राहिली.

"काय म्हटलं मी आत्ता?"

धाकटीने तिच्याकडे बघितलं आणि हसली. कुठल्याही वाक्याला चालेल असं. ते हसू थोरलीने ओळखलं. तिच्याही वडिलांचंच होतं ते.

ती रागावली नाही. कधीपासून, एवढंच तिने विचारलं, आणि उत्तर ऐकून सरळ चपला घालायला गेली. धाकटी म्हणत होती की उद्या जाऊ, परवा जाऊ, सर्दीच असेल. थोरलीने तिचं मनगट धरलं ते दवाखान्याच्या दारापर्यंत सोडलं नाही. रस्ता ओलांडताना डावीकडून आलेली मोटरसायकल धाकटीला दिसली नाही की ऐकूही आली नाही. थोरलीने ओढली म्हणून वाचली. पलीकडच्या फुटपाथवर दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या.

कानाच्या डॉक्टरांनी कानात बघितलं. मळ नव्हता, पाणी नव्हतं, काही नव्हतं. मग त्यांनी सूर काढणारा एक लोखंडी चिमटा वाजवून तिच्या कपाळावर टेकवला आणि कुठे ऐकू येतंय विचारलं. कपाळाच्या मधोमध ठेवलेला तो सूर सगळाच्या सगळा उजवीकडे घरंगळला. तिने उजवीकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी मान डोलावली ती तिला अजिबात आवडली नाही.

ऐकण्याची तपासणी एका गुबगुबीत भिंतींच्या खोक्यात होती. अशी खोकी तिच्या ओळखीची. अशाच खोक्यात उभी राहून तिने निम्मं आयुष्य गायलं होतं. काचेपलीकडच्या मुलीने हातात एक बटण दिलं आणि सांगितलं, टीट असं ऐकू आलं की दाबायचं. उजवा कान झाला. मग डावा सुरू झाला आणि काहीच येईना. धाकटीला परीक्षेत कोरा कागद समोर आल्यासारखं झालं. तिने आधीच्या आवाजांची लय मनात धरली होती. त्या लयीत तिने बटण दाबायला सुरुवात केली. आता, आणि आता, आणि आता. दार उघडून ती मुलगी आत आली, तिच्या उजव्या बाजूला वाकली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "मावशी, मी अजून काही वाजवलंच नव्हतं."

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. कानाच्या आतली नस एकाएकी बसते, असं म्हणाले. का, ते नेमकं कुणालाच सांगता येत नाही. काहींचं ऐकू येणं परत येतं, काहींचं अर्धंमुर्धं येतं, काहींचं येत नाही, आणि ती कुणात आहे हे आज कळणार नाही. खरं तर त्याच दिवशी यायला हवं होतं. तरी अजून वेळ गेलेली नाही. गोळ्या सुरू करायच्या, गरज पडली तर पडद्यातून सुईने औषध सोडायचं, आणि डोक्याचा फोटो काढायचा, आत गाठबीठ नाही ना बघायला.

गाठ हा शब्द तिने अर्ध्याच कानाने ऐकला, पण तो पुरता घुसला.

नवऱ्याला त्या संध्याकाळी कळलं. तो म्हणाला की आता तुला एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्यायची सोय राहिली नाही, माझं सगळं बोलणं आतच साठणार. ती हसली आणि मग रडली, आणि तो उठून विनाकारण फ्रिजचं दार उघडून आत बघत राहिला.

डोक्याच्या फोटोच्या नळकांड्यात तिला घातलं तेव्हा यंत्र उजव्या कानाशी हातोडे मारत होतं आणि डावीकडे कुणीच नव्हतं. फोटोत गाठ निघाली नाही. थोरलीने हे ऐकून दवाखान्यातल्या बाकावर बसकण मारली. धाकटी मात्र उभीच राहिली. गाठ नाही म्हणजे कारण नाही, आणि कारण नाही म्हणजे ते परत कधीही येऊ शकतं, आणि आणखी एक कान आहेच. तिचं डोकं आता याच वाटेने चालायला लागलं होतं. घोषणांच्या कामावरून तिने रजा घेतली. घशाचं कारण सांगितलं.

गोळ्यांनी झोप उडाली, तोंड सुजलं, कान होता तसाच राहिला. मग ती सुई आली.

उजव्या कुशीवर झोपवून डॉक्टरांनी डाव्या कानाच्या पडद्यातून औषध सोडलं. कळ आली, चक्कर आली, मग ओसरली. आता काही वेळ असंच पडून राहायचं, बोलायचं नाही, आवंढाही शक्यतो गिळायचा नाही, असं सांगून ते गेले. थोरली समोर स्टुलावर बसली होती.

आणि तेव्हा धाकटीच्या लक्षात आलं की उजवा कान उशीत दबलाय. डावा वर होता, औषधाने भरलेला, मेलेला. थोरलीचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. परिचारिका ट्रे ठेवून गेली, ट्रेचा आवाज नव्हता. थोरली काहीतरी विचारत होती, भुवया वर करून, आणि उत्तराची वाट बघत होती. धाकटीला मान हलवायची नव्हती, बोलायचं नव्हतं. म्हणजे हे असं असतं, तिला वाटलं. वडील रोज जेवायला इथेच बसत होते तर. डोळे भरले आणि डोळ्यातलं पाणी नाकावरून उशीत उतरायला लागलं.

थोरलीने बोलणं थांबवलं. तिला कधी कळलं कोण जाणे. तिने स्टूल पुढे ओढलं, धाकटीचा हात घेतला आणि त्याचा तळवा स्वतःच्या गळ्याखाली, छातीच्या हाडावर दाबून धरला. मग तिने तोंड मिटलं. धाकटीच्या तळहाताखाली बारीक थरथर सुरू झाली. कुठला सूर ते कळत नव्हतं, चालू आहे एवढंच कळत होतं. थोरली दमायची, श्वास घ्यायची, परत सुरू करायची. परिचारिका येऊन उठा म्हणेपर्यंत तिने ते सोडलं नाही.

अशा सुया आणखी झाल्या. प्रत्येक वेळी धाकटी भ्याली, आणि प्रत्येक वेळी थोरली गेली बरोबर.

मग एका सकाळी स्वयंपाकघरात नवऱ्याच्या हातून झाकण पडलं. तिला ते दोन्हीकडून ऐकू आलं. डावीकडचा आवाज रिकाम्या डब्यात खडा टाकल्यासारखा होता, पण होता. तिने ते झाकण उचलून परत पाडलं, आणि परत. नवरा आधी चिडला आणि मग समजला. जीव भांड्यात पडतो म्हणतात तो असा पडला.

थोरली धावत आली. धाकटीने तिला डाव्या बाजूला उभं केलं आणि गा म्हटलं. थोरलीने एक सूर लावला, साधा, लांब. धाकटीचा चेहरा पांढरा पडला.

सूर दोन ऐकू आले. उजव्या कानात थोरलीचा नेहमीचा सूर, आणि डाव्यात तोच, पण चढलेला, घासलेला, शेजारच्या घरात कुणी बेसूर माणूस बरोबरीने गात असल्यासारखा. तिने थोरलीला थांबवलं, स्वतः गाऊन बघितलं. स्वतःच्या गळ्यातूनही दोन निघाले. तिने दोन्ही हात कानांवर ठेवले. ऐकू न येणं हे एक मोठं कोरं भोक होतं. हे मात्र खोटं होतं, आणि ते तिच्या डोक्याच्या आत होतं. सुरावर तिचा सगळा भरवसा. आता कुठला कान खरं बोलतोय ते माहीत असूनही दुसऱ्याची बडबड ऐकावी लागणार. ती थोरलीला म्हणाली, "याच्यापेक्षा गप्प होता तोच बरा होता गं."

डॉक्टर म्हणाले की नस जागी होते तेव्हा असं होतं, हे चांगलं लक्षण समजायचं; बसेल हळूहळू. बसलं बऱ्यापैकी. आठवडे गेले. खालचे सूर जुळले. वरच्या सुरांना अजून पत्र्याची किनार राहिली, आणि गोंगाटात डावा कान सगळं एकत्र कालवून टाकायचा. बसस्थानकावर ती परत गेली तेव्हा आधी नियंत्रकाच्या खोलीत गेली आणि खरं काय ते सांगून टाकलं. नोकरी जाईल या भीतीने तिने वाक्यं घोकून ठेवली होती. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, त्याच्या सासऱ्यांचंही असंच झालं होतं. ती वर पोचेपर्यंत शिपायाने फोन उचलून टेबलाच्या उजव्या टोकाला ठेवला होता.

झोपेचं गाणं तसंच पडून होतं. धाकटीने मागच्या खोलीचं दार कितीतरी दिवस उघडलं नव्हतं. थोरली विचारत नव्हती, आणि ती विचारत नाही हेच धाकटीला खुपायला लागलं. शेवटी तिनेच एका रविवारी दुपारी दोघांना बोलावलं, थोरलीला आणि नवऱ्याला.

आधी तिने सगळे आवाज एकाच स्पीकरमधून काढले, मधोमध, डावंउजवं काही नाही. चांगल्या कानाने प्रत्येक पोरीची उंची ठरवली, कोण पुढे, कोण मागे. त्याला दोन कान लागत नाहीत. मग दोन स्पीकर लावले, थोरलीला त्यांच्यासमोर बरोबर मधे बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि एकेक आवाज एकटा वाजवला.

"ही कुठे आहे? बोट दाखव."

थोरलीने हवेत बोट दाखवलं. धाकटीने थोडं सरकवलं. थोरलीचं बोट सरकलं. पुढची पोर, परत बोट. बोट भिंतीवरच्या गादीपर्यंत गेलं की धाकटी थांबायची आणि जोडीची दुसरी पोर घ्यायची. ती समोरच्या बाजूला तेवढ्याच अंतरावर, खिडकीच्या कडेला, आली पाहिजे. नंतर खातरजमेला नवऱ्याला बसवलं. त्याने पहिल्याच आवाजाला बोट सरळ छताकडे केलं. थोरली हसता हसता खुर्चीवरून घसरायची राहिली. तो म्हणाला, मला जिथून आला तिथे दाखवलं, आता तुमचं गाणं वर बसलं असेल तर माझा काय दोष.

सगळे आवाज एकत्र लावले तेव्हा धाकटी स्वतः मधे बसली. उजवीकडच्या पोरी तिला नेहमीसारख्या आल्या. डावीकडच्या लांबून आल्या, किंचित पत्र्याच्या, भिंतीपलीकडून गाणाऱ्या. तिला त्या वाढवाव्याशा वाटल्या. हात बटणापर्यंत गेलाही. थोरली डोळे मिटून बसली होती, कपाळाला आठी नव्हती. धाकटीने हात मागे घेतला. तिने ते गाणं तसंच ठेवलं, स्वतःला अर्धंमुर्धं ऐकू येणारं आणि बाकीच्यांना पूर्ण.

शेवटच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले की आता यापुढे फारसं सुधारणार नाही, पण बिघडायचंही कारण नाही. तिने विचारलं, दुसऱ्या कानाला होईल का. ते म्हणाले, सहसा होत नाही. थोरलीला हे उत्तर पुरलं. धाकटी ते सहसा घेऊन घरी आली. ते तिच्या उशाशी बसलं आणि तिथून उठलं नाही. सकाळी जाग आल्यावर डोळे उघडायच्या आधी ती उजव्या कानापाशी चादर बोटांत चोळून बघते, आवाज येतो का. आला की मग उठते. हे तिने नवऱ्याला सांगितलेलं नाही. त्याला माहीत आहे. तोही तेवढा वेळ हलत नाही.

चौथ्या गाण्याची थोरलीला घाई नव्हती. थंडी ओसरू दे, मग माझा गळा मोकळा होईल, असं तिचं म्हणणं. धाकटी म्हणाली की तू सावकाश ये, मागचे आवाज मी आधी गाऊन ठेवते. थोरलीला नवल वाटलं. मुख्य आवाजाच्या आधी मागचे कुणी गातं का? कशावर गाणार?

"तुझी चाल पाठ आहे मला," धाकटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्या आल्या तिने कपाटाचं दार उघडलं आणि माइक पुढे ओढला. नवरा पंखा बंद करून फ्रिजकडे गेला. तिने हेडफोनची एक वाटी मागे सरकवली, या वेळी उजवी, आणि गायला सुरुवात केली.